समुपदेशन सुरू करताना गोपनीयतेविषयी काय विचारावे

समुपदेशकाशी बोललेला प्रत्येक शब्द कायम त्या खोलीतच राहतो, अशी अनेकांची समजूत असते आणि ती पूर्णपणे खरी नाही. गोपनीयता हा सल्लार्थीचा, म्हणजे समुपदेशन घेणाऱ्याचा, हक्क आहे, समुपदेशकाची मेहेरबानी नव्हे. मात्र या हक्काला काही मर्यादा आहेत आणि त्या मन मोकळे करण्याआधीच कळायला हव्यात. म्हणून पहिल्या सत्राची सुरुवातीची काही मिनिटे याच विचारपूशीसाठी राखून ठेवावीत.

संमतीपत्रावर घाईने सही करू नये. उपचाराची पद्धत, सत्राचा कालावधी, शुल्क आणि गोपनीयतेचे अपवाद त्यात स्पष्ट लिहिलेले असावेत. जे कलम समजले नाही ते साध्या शब्दांत समजावून मागावे आणि तोवर सही थांबवावी. शिवाय संमती दिली म्हणजे हात बांधले गेले असे नाही. एखाद्या तंत्राला नकार देण्याचा, सत्रे थांबवण्याचा किंवा दुसऱ्या समुपदेशकाकडे जाण्याचा हक्क नंतरही राहतो.

त्यानंतर थेट विचारावे : “माझी माहिती तुम्ही कोणत्या प्रसंगी, कोणाला आणि किती सांगाल?” नियम देशोदेशी वेगळे असले, तरी स्वतःच्या जिवाला असलेला तातडीचा धोका, दुसऱ्याला गंभीर इजा होण्याची शक्यता, बालकावरील अत्याचार आणि न्यायालयाचा आदेश हे अपवाद बहुतेक ठिकाणी आढळतात. यांपैकी दुसऱ्या अपवादाला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या निकालाने ठळक रूप दिले. एका तरुणीला ठार मारण्याचा इरादा रुग्णाने उपचारादरम्यान बोलून दाखवला होता आणि पुढे तिची हत्या झाली. अशा वेळी संभाव्य बळीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य ठरते, असे न्यायालयाने म्हटले.

या अपवादांच्या भीतीने मरणाचे विचार लपवून ठेवू नयेत, हे मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. असे विचार मनात येणे आणि जीव तातडीच्या धोक्यात असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. त्यांतील फरक ओळखण्यासाठीच समुपदेशक योजना, साधन आणि वेळ यांविषयी विचारतो. कोणाला कळवावेच लागले, तर शक्य तेथे आधी सल्लार्थीला सांगून, गरजेपुरतीच माहिती देणे ही व्यवसायाची रीत आहे.

माहिती बाहेर जाण्याच्या इतर वाटा मात्र सहसा लक्षात येत नाहीत. समुपदेशक वरिष्ठ मार्गदर्शकाशी प्रकरणावर चर्चा करतो का, आणि करत असल्यास नाव वगळतो का, हे विचारावे. शुल्क विमा कंपनी किंवा नोकरीचे ठिकाण भरत असेल, तर निदान आणि उपस्थितीचा तपशील त्यांच्याकडे जातो का, याची खात्री करावी. सत्राचे ध्वनिमुद्रण वेगळ्या संमतीशिवाय होऊ नये. दाम्पत्य-समुपदेशनात एकाने एकट्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून गुप्त राहील का, हे दोघांच्या समोर ठरवून घ्यावे. गटसत्रात समुपदेशक स्वतःपुरती हमी देऊ शकतो, इतर सदस्यांची नाही. सल्लार्थी अल्पवयीन असेल, तर पालकांना काय कळवले जाईल हे पहिल्या संयुक्त भेटीतच स्पष्ट व्हावे.

नोंदी कोठे, किती वर्षे ठेवल्या जातात, त्या कोण पाहू शकतो आणि समुपदेशकाने व्यवसाय बंद केल्यास त्यांचे काय होते, हेही विचारावे. आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क अनेक देशांचे कायदे देतात. माहिती डॉक्टरांना किंवा अन्य कोणाला देण्याची परवानगी लेखी द्यावी आणि तीत माहिती घेणाऱ्याचे नाव, कारण, नेमका मजकूर आणि मुदत लिहावी. “सर्व माहिती” असा मोघम शब्दप्रयोग खोडून टाकावा. अशी परवानगी साधारणपणे पुढे मागेही घेता येते, परंतु तोवर पोहोचलेली माहिती परत येत नाही.

गोपनीयतेचा भंग झाल्याचे वाटल्यास काय, कधी आणि कोणाकडून कळले याची तारखेसह टिपणे काढावीत. शक्य असल्यास आधी समुपदेशकाशीच बोलावे. तसे करणे असह्य असेल किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर संस्थेकडे किंवा नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे लेखी तक्रार करावी.