निसर्गचित्र सपाट का राहतं? सोबत्यांचा अभिप्राय घेताना या चुका टाळा

वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर आमच्या रविवारच्या गटाचा एक रिवाज आहे. ऊन चढलं, रंग वाळले की सगळ्यांची चित्रं पायरीला टेकवून ओळीत लावायची आणि दहा-बारा पावलं मागे जाऊन बघायची. एकदा माझ्या चित्रासमोर गटातले एक ज्येष्ठ काका थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "डोंगर देवळाला चिकटलाय."

त्यांचं म्हणणं खरं होतं, पण त्यावर मी जे केलं ते चुकलं. घरी येऊन पांढऱ्यात थोडा निळा कालवला आणि डोंगरावर फिरवला. डोंगर लांब जायचा तो गेला नाहीच, उलट खडू फासल्यासारखा भुरकट झाला. नंतर चित्राचा आधीचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहिला तेव्हा खरं कारण दिसलं. देवळाची सावलीतली बाजू आणि मागचा डोंगर, दोन्हींची छटा, म्हणजे गडद-फिकटपणा, अगदी एकच होती. डोंगर पहिल्यापासून बरोबर होता, पुढचं देऊळच फिकं पडलं होतं.

तेव्हापासून अभिप्राय ऐकताना मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. कुठे खटकतंय हे सोबत्याचा ताजा डोळा आपल्यापेक्षा चांगलं सांगतो. ते का खटकतंय आणि त्यावर काय करायचं, हे मात्र रंग कालवलेल्या माणसानेच शोधायचं असतं. चित्रातल्या खोलीच्या, म्हणजे जवळ-लांबच्या भासाच्या, बाबतीत तर हे फार खरं आहे, कारण डाग एका जागी दिसतो आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा शेजारच्या जागेत असतं.

"कसं झालंय?" असं विचारू नका

या प्रश्नाला "छान" हेच उत्तर येतं. कुणी फारच मोकळं असेल तर "जरा फ्लॅट वाटतंय" म्हणेल, आणि त्यातून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा बघणाऱ्याच्या नजरेचा प्रवास विचारा. नजर आधी कुठे गेली? मग कुठे अडली? माझा सर्वांत आवडता प्रश्न असा: "या घाटावरून निघालं तर त्या डोंगरापर्यंत चालत जायला किती वेळ लागेल?" कुणी "दहा मिनिटं" म्हणालं आणि प्रत्यक्षात तिथे पोचायला अर्धा दिवस लागत असेल, तर चित्रात हवा भरलेली नाही हे तिथेच कळतं. या प्रश्नाचं उत्तर चित्र न काढणारा माणूसही देऊ शकतो. चहाच्या टपरीवरच्या दादांनी मला सगळ्यांत उपयोगी उत्तरं दिली आहेत.

उत्तर मिळाल्यावर सफाई देऊ नका. "तिथे खरंच तसं होतं" हे वाक्य आपण सगळेच बोलतो. ते मनातच ठेवावं आणि समोरच्याचे शब्द कागदाच्या मागे पेन्सिलने जसेच्या तसे लिहून घ्यावेत. दोघा-तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं पण उपाय मात्र तिघांनी तीन सांगितले, तर जागा पक्की धरा आणि उपायांची घाई करू नका.

चित्र पुरं झाल्यावर दाखवलं तर उशीर झालेला असतो

तैलरंगात मागचा डोंगर पुन्हा रंगवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरा, आणि तो एकदा झाकला की पुरता परत मिळत नाही. म्हणून दाखवायचं असेल तर सुरुवातीचं छोटं रेखाटन दाखवा: पोस्टकार्डाएवढा कागद, मऊ पेन्सिल आणि फक्त तीन छटा. आकाश व दूरचं सगळं फिकट, मधलं मध्यम, जवळचं गडद. किंवा उजेड तसा असेल तर याच्या उलट. या तीन छटांतच डोंगर मागे गेला नाही, तर पुढे कितीही रंग ओतले तरी तो जागचा हलणार नाही.

आणखी एक. ओल्या चित्रावर मत मागू नका. जलरंग वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे ओलं असताना "पुढची सावली मस्त गडद आहे" म्हणणाऱ्यालाच अर्ध्या तासाने ती कमजोर वाटते.

"मागे निळं टाक"

हा सल्ला प्रत्येक गटात मिळतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. दूरचं निळसर आणि फिकट दिसतं हे लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं आहे. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये हवा असते. हवेचे रेणू उन्हातला निळा प्रकाश जास्त विखुरतात, आणि तो विखुरलेला प्रकाश डोंगराच्या अंगावर पातळ पडद्यासारखा येतो. पडदा काळोख्या जागेवर जास्त दिसतो. म्हणून दूरवर गेल्यावर आधी सावल्या फिकट होतात. उजेडातल्या जागा त्या मानाने फारशा बदलत नाहीत, पांढरी भिंत तर दुरून किंचित पिवळसरच वाटते. सगळा डोंगर सरसकट पांढरट करण्यापेक्षा त्याच्या सावल्या फिकट केल्या, तर तो आपोआप मागे सरकतो.

पण तो पडदा बारा महिने निळा नसतो. एप्रिल-मे महिन्यात देशावर धूळ इतकी असते की दूरचे डोंगर मातकट करडे दिसतात. तिथे कोबाल्ट ब्लू टाकला तर ऊनच नाहीसं होतं. येलो ओकरमध्ये (मातकट पिवळ्यात) किंचित जांभळट करडा घातला की ते बरोबर बसतं. पावसाळ्यात मावळात धुकं जवळजवळ पांढरं असतं आणि हाकेच्या अंतरावरचं झाडही त्यात विरतं. पाऊस सरल्यावर काही दिवस हवा इतकी धुतलेली असते की लांबचा कडाही स्पष्ट दिसतो, आणि अशा दिवशी खोली रंगातून कमी आणि आकारांच्या लहानमोठेपणातून जास्त आणावी लागते. तेव्हा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, "तुम्ही हे दृश्य कोणत्या महिन्यात पाहिलंत?" कोकणात वाढलेल्या मित्राची हवा वेगळी असते आणि सोलापूरच्या मित्राची वेगळी. दोघंही खरंच सांगत असतात, ज्याच्या त्याच्या आकाशाबद्दल.

पट्टे मोजा

सह्याद्रीचे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेले आहेत, म्हणून त्यांच्या अंगावर आडवे पट्टे असतात: कडा, मग उतार, पुन्हा कडा. ते रंगवायला फार आवडतात आणि तिथेच घात होतो. जवळच्या डोंगराला पाच पट्टे, मागच्यालाही पाच, त्याच्याही मागच्याला पाच, असं झालं की तिन्ही डोंगर एका भिंतीवर टांगल्यासारखे दिसतात. सोबत्याला फक्त मोजायला सांगा. पहिल्यावर चार-पाच, दुसऱ्यावर एखाद-दुसरा पुसट, तिसऱ्यावर एकही नाही, एवढ्याने केवढा तरी फरक पडतो.

कडांचंही, म्हणजे आकाराच्या बाहेरच्या रेषांचंही, तसंच आहे. डोंगराची वरची कड थोडी ठाम आणि पायथा विरलेला ठेवा, कारण धूळ आणि दमट हवा खाली जास्त दाटलेली असते. वरून रंगाचा हात देत खाली यायचं आणि शेवटी नुसत्या पाण्याचा ब्रश फिरवायचा. तो विरलेला पायथा वाळला की त्याच्यापुढे गडद झाडांची रांग येते, आणि मधली दरी न काढता उभी राहते.

पावसाळी हिरव्याची तक्रार तर ठरलेली: "सगळं एकच हिरवं दिसतंय." बहुतेक वेळा त्याचं कारण पॅलेटवर सापडतं. सॅप ग्रीनचं एकच डबकं करून पुढचं शेत आणि मागची टेकडी दोन्ही त्यातूनच रंगवलेली असतात. पुढच्या हिरव्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घाला, मागच्यात निळा आणि चिमूटभर लाल.

"एखादा माणूस टाक ना"

माणसाने अंतराचं माप मिळतं हे खरं, पण चुकीच्या जागी उभा केलेला माणूस होती ती खोलीही मोडतो. नियम सोपा आहे. तुम्ही उभं राहून चित्र काढत असाल तर सपाट जमिनीवरच्या, साधारण तुमच्याच उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी क्षितिजरेषेवर येतात. जवळच्या माणसाचे पाय खाली जातात, लांबच्याचे वर. स्टुलावर बसला असाल तर तीच रेषा प्रत्येकाला साधारण छाती-पोटाशी कापते. घाटाच्या पायऱ्यांवर जमीन सपाट नसते, तिथे प्रत्येक पायरीचा हिशेब वेगळा. "लांबची बाई खड्ड्यात उभी आहे का?" असं कुणी विचारलं तर आधी ही रेषा तपासा.

बिघडलेल्या चित्राचं काय करायचं

आधी कुणाच्याही हातात आपला ब्रश देऊ नका आणि दुसऱ्याच्या चित्रावर स्वतःचा चालवू नका. चित्रावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवा आणि सुचवलेला बदल त्यावर पोस्टर कलरने करून बघा. पटलं तर चित्रात आणा, नाहीतर पुसून टाका. आमच्या गटात अर्धे वाद या एका कागदाने मिटतात.

मागचं फिकट करायचं असेल तर जाड सुती कागदावर ओलसर, ताठ केसांच्या ब्रशने हलकं घासून रंग टिपकागदाने उचलता येतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना बऱ्यापैकी उठतात. थॅलो ब्लू हा दुसरा निळा कागदात मुरतो, त्याच्याशी झटू नका. पण उचलण्याआधी पुढचं गडद करून बघाच. माझ्या वाईच्या चित्रातला खडूसारखा डोंगर सुधारला नाही. तेच दृश्य मी नव्या कागदावर घेतलं. डोंगर आधीच्याच छटेत ठेवला आणि देवळाच्या सावलीला अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएनाचा एकच भरदार हात दिला, त्यावर पुन्हा ब्रश नेला नाही. काकांनी ते पायरीवर पाहिलं तेव्हा चालत जायला किती वेळ लागेल, असं मी त्यांना विचारलं. "सकाळी निघालं पाहिजे," म्हणाले.