सीओपीडीची सुरुवात असताना घ्यायची काळजी

श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी हा विकार पहिली काही वर्षे जाणवतच नाही, कारण जिना चढताना दम लागू लागला की माणूस नकळत जिनाच टाळतो आणि सकाळी पडणाऱ्या बेडक्याला 'विडीचा खोकला' म्हणून विषय संपवतो. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीने, ती विडी-सिगारेट ओढत असेल किंवा वर्षानुवर्षे चुलीपुढे बसली असेल तर, अशा खोकल्यासाठी स्पायरोमेट्री ही फुप्फुसांची श्वास-चाचणी करून घ्यावी. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नये. सुरुवातीचा आजार त्यात बहुधा दिसत नाही.

स्पायरोमेट्रीत नळीत जोराने फुंकावे लागते. श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर अडथळा आहे असे मानतात. पहिल्या सेकंदातील हीच हवा त्या वयाच्या व उंचीच्या निरोगी व्यक्तीच्या तुलनेत 80 टक्के किंवा अधिक असल्यास आजार सौम्य, आणि 50 ते 79 टक्के असल्यास मध्यम समजतात. हा रिपोर्ट जपून ठेवावा, कारण पुढच्या चाचणीची तुलना त्याच्याशीच होते.

गेलेली क्षमता परत येत नाही, परंतु धूर थांबला की उरलेली क्षमता घटण्याचा वेग मंदावतो. दिवसाला दहाऐवजी तीन विड्या ओढणे म्हणजे सोडणे नव्हे. एकट्याने जमत नसल्यास डॉक्टरांकडून औषधांची मदत घ्यावी, किंवा 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर विनाशुल्क फोन करावा. घरातला धूरही मोजावा: स्वयंपाक गॅसवर होतो, पण अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते, मिसरी घरातच भाजली जाते आणि रात्री उशाशी डासांची कॉइल जळते, अशी घरे कमी नाहीत.

औषधाच्या बाबतीत खरी गफलत पंप (इनहेलर) ओढण्यात होते. दाबायचा पंप आधी हलवावा, पूर्ण श्वास सोडावा, तोंडाचा भाग ओठांत घट्ट धरून श्वास आत घेऊ लागताच पंप दाबावा आणि चार-पाच सेकंद हळूहळू, खोल श्वास घेत राहावे. मग सुमारे दहा सेकंद, किंवा जमेल तितका वेळ, श्वास रोखावा. दाबणे आणि ओढणे यांचा मेळ बसत नसेल, तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, मागून घ्यावा. कॅप्सूल घालून ओढायच्या उपकरणाची रीत उलट असते: तेथे श्वास जोराने आणि वेगाने ओढावा लागतो, उपकरणात फुंकर मारायची नसते आणि कॅप्सूल गिळायची तर मुळीच नसते. (हे सांगावे लागते.) पंपात स्टेरॉइड असल्यास नंतर चूळ भरून थुंकावी, अन्यथा तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात. 'पंपाची सवय लागते' हा समज निराधार आहे. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते.

दम लागतो म्हणून बसून राहिल्यास पायांचे स्नायू कमजोर होतात आणि मग थोड्याशा कामानेही अधिक धाप लागते. म्हणून आठवड्यातील बहुतेक दिवशी, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने वीस-तीस मिनिटे चालावे. धाप लागल्यास थांबून नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजेपर्यंत तो सावकाश सोडावा.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूवरच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे. बेडका नेहमीपेक्षा वाढला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला किंवा धाप वाढली, तर घरी उरलेली जुनी अँटिबायोटिक सुरू न करता लगेच दवाखाना गाठावा. ओठ निळसर पडले, गुंगी आली किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.