मुलगा-मुलगी घरात कसे ‘घडवले’ जातात, ते पकडायचं कसं

पोराला बाहुली आणून दिली, पोरीला रिमोटची गाडी आणून दिली की आपलं काम झालं असं बऱ्याच पेरेंट्सना वाटतं. मग चार दिवसांनी पोरगं त्याच बाहुलीची बंदूक करून ठो ठो करायला लागतं आणि घरातलं कुणीतरी लगेच, बघा, हे रक्तातच असतं, म्हणून विषय संपवतं. माझं मत विचाराल तर खेळणी बदलणं हा यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा भाग. बघायची असते ती आपली रिअॅक्शन, आणि ती पकडणं अवघड जातं कारण ती अर्ध्या सेकंदात होऊन जाते.

तो रक्ताचा वाद आधी बाजूला ठेवू. रक्तात काहीच नसतं असं अजिबात नाही. एका जन्मजात आजारात काही मुलींना पोटात असतानाच अँड्रोजेन, म्हणजे एरवी मुलग्यांत जास्त असणारं हार्मोन, जास्त मिळतं आणि अशा मुली पुढे सरासरीने गाड्या-बिड्या जास्त खेळतात, हे अभ्यासांत परत परत दिसलंय. पण ‘रडतोस काय पोरीसारखा’ हे कुठलं हार्मोन शिकवत नाही ना, ते आपण शिकवतो.

पहिलं काम म्हणजे आठवडाभर फक्त नोंद करायची, काही सुधारायचं नाही. मोबाईलवर नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल. मूल पडलं तर तुम्ही किती पटकन उठलात, ‘सांभाळून’ हा शब्द कुणाला जास्त वेळा म्हणालात, पाहुण्यांच्या मुलाला भेटल्यावर पहिलं वाक्य काय निघालं (मुलगी असेल तर ‘किती गोड दिसतेस’, मुलगा असेल तर ‘काय रे, काय खेळतोस’, हे इतकं ठरलेलं असतं की लिहिताना हसू येईल), जेवताना बोलणं मध्येच कुणाचं तोडलं, भांडण झाल्यावर ‘जाऊ दे, तू समजूतदार ना’ कुणाला ऐकवलं. आणि हे आईनेच लिहायचं असं नाही, बाबांनीही आणि शक्य असेल तर वेगळं लिहायचं.

आपण असं करत नाही असं वाटत असेल तर दोन जुने अभ्यास सांगते. १९७६ मध्ये जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी मोठ्या माणसांना एका नऊ महिन्यांच्या बाळाचा व्हिडिओ दाखवला, डबीतून एकदम बाहुलं उडतं आणि बाळ दचकून रडतं असा. व्हिडिओ सगळ्यांना तोच. पण ज्यांना हा मुलगा आहे म्हणून सांगितलं त्यांना ते रडणं रागाचं जास्त वाटलं आणि ज्यांना मुलगी सांगितलं त्यांना भीतीचं. आता विचार करा, रागावलेल्या बाळाशी आपण एक वागतो आणि घाबरलेल्या बाळाशी दुसरं, आणि हे रोज, वर्षानुवर्षं. दुसरा अभ्यास २००० सालचा. अकरा महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारलं की तुमचं बाळ किती तीव्र उतारावरून रांगत खाली येऊ शकेल. मुलींच्या आयांनी अंदाज कमी धरला, मुलांच्या आयांनी जास्त, आणि प्रत्यक्ष रांगण्यात मुलगा-मुलगी काही फरक निघाला नाही. स्वतःच्याच बाळाबद्दल बरं का, परक्याच्या नाही.

नोंदी झाल्या की अदलाबदल करून बघायची. लिहिलेलं प्रत्येक वाक्य घरातल्या दुसऱ्या मुलाला, किंवा एकच मूल असेल तर भाचा-भाची कुणालाही, मनात म्हणून बघा. ‘एवढ्या मोठ्याने हसू नये’ हे मुलाला म्हणताना विचित्र वाटलं तर ते वाक्य मुलीलाही म्हणायची गरज नव्हती. ‘ओव्हन गरम आहे, हात लावू नको’ दोघांनाही चालतं, ते राहू दे. ही टेस्ट साधी आहे पण माझ्या मते सगळ्यात जास्त कामाची, कारण यात कुणाशी वाद घालावा लागत नाही.

मग बदलायला घ्या, पण सगळं एकदम नको. मी तरी भावनांपासून सुरू करा म्हणेन. बऱ्याच घरांत मुलीशी दुःखाबद्दल जास्त बोललं जातं आणि मुलाला फक्त ‘काय झालं, कुणी मारलं?’ एवढंच विचारतात, आणि मग तो मोठा होऊन प्रत्येक वाईट वाटण्याला रागच म्हणायला लागला की आपणच तक्रार करतो. त्याला शब्द द्या: घाबरलास का, लाज वाटली का, एकटं वाटतंय का. मुलीला उलटं, तिच्या रागाला ‘नाटक’ म्हणणं बंद करायचं, राग आलाय हे मान्य करून मग बोलायचं.

कामांचं सांगायचं तर मुलं ऐकण्यापेक्षा बघतात जास्त, त्यामुळे बाबा रोज भांडी घासत असतील तर लेक्चरची गरज नाही आणि बाबा कधीतरी घासून ‘आज मी आईला मदत केली’ म्हणत असतील तर लेक्चरचा उपयोग नाही. ‘मदत’ म्हटलं की काम मुळात आईचंच ठरतं. मुलांची कामं आठवड्याने फिरवा, कचरा आणि बल्ब कायम मुलाकडे, कपड्यांच्या घड्या कायम मुलीकडे असं नको.

तुम्ही टीचर असाल किंवा डे-केअर चालवत असाल तर एकच गोष्ट करा, मुलांची रांग आणि मुलींची रांग बंद. २०१० साली छापून आलेल्या एका अभ्यासात बालवाडीच्या काही वर्गांत टीचर्सना मुद्दाम ‘मुलांनो’, ‘मुलींनो’ असं वेगळं बोलायला आणि वेगळ्या रांगा करायला सांगितलं होतं, तुलना वगैरे काही करायची नाही, फक्त वेगळं करायचं. दोन आठवड्यांत त्या वर्गांतल्या मुलांचे साचेबद्ध समज वाढले आणि ती दुसऱ्या गटातल्या मुलांशी कमी खेळायला लागली. रांग उंचीने लावा, कपड्यांच्या रंगाने लावा, काहीही चालेल.

रंगावरून आठवलं, गुलाबीवर बंदी घालू नका प्लीज. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी मुलांना आणि निळा मुलींना असा सल्ला छापला होता, त्यामुळे त्या रंगात बायकी असं काही भरलेलं नाही. मुलीचा गुलाबी फ्रॉक हिसकावला तर ती एवढंच शिकते की मुलींचं ते कमी दर्जाचं.

तीन ते पाच या वयात मूल स्वतःच पोलीस होतं, ‘मुलं क्लिप लावत नाहीत’ वगैरे फर्मानं सुटतात. घाबरू नका, त्याला नुकतंच कळलेलं असतं की माणसांचे दोन गट करतात आणि ते नियम पक्के करत असतं. ‘असं कुणी सांगितलं?’ एवढं विचारून एखादा ओळखीतला माणूस दाखवून द्या जो तो नियम मोडतो, बास.

सहाव्या वर्षाकडे मात्र जास्त लक्ष ठेवा. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ म्हणून आपल्याच गटाकडे बोट दाखवत होत्या, सहा-सात वर्षांच्या मुली ते कमी करायला लागल्या, आणि ‘हा खेळ जे खूप हुशार असतात त्यांच्यासाठी आहे’ म्हटलं की त्यांचा इंटरेस्ट मुलग्यांपेक्षा कमी. म्हणून या वयात मुलीला फक्त ‘किती मेहनती’ आणि मुलाला ‘किती ब्रेनी’ असं वाटून द्यायचं नाही.

राहिले नातेवाईक. आजी म्हणाली ‘मुलीच्या जातीला शोभत नाही’ तर मुलांसमोर आजीशी भांडू नका, त्याने मुलाच्या डोक्यात भांडणच राहतं. तिथल्या तिथे शांतपणे ‘आमच्याकडे चालतं हं आजी’ म्हणायचं, मुलीकडे बघून म्हणायचं, आणि आजीशी काय ते नंतर स्वयंपाकघरात बोलायचं.