पॅलेट मशीनमध्ये खिळ्याचं डोकं वर राहतंय? आधी हे तपासा

डोकं वर राहिलं की बहुतेक जण लगेच हवेचा दाब वाढवतात. तसं करू नका. पॅलेट, म्हणजे माल ठेवायची फळ्यांची लाकडी चौकट, मशीनमधून बाहेर पडताच तिच्या फळीवर सरळ पट्टी फिरवा. तेव्हा डोकी सपाट असतील आणि काही दिवसांनी वर आली असतील, तर मशीन ठीक आहे. लाकूड ओलं होतं. फळी सुकून आकसते, खिळा मात्र जागेवरच राहतो. ओलावा मीटरने मोजा. युरो पॅलेटसाठी (युरोपातल्या प्रमाणित मापाच्या पॅलेटसाठी) कमाल मर्यादा 22 टक्के आहे.

मशीनमधून निघतानाच डोकी वर असतील, तर दाबमापक सगळ्या गन (हवेच्या दाबाने खिळे ठोकणारी अवजारं) एकदम चालत असताना बघा. मशीन थांबलेलं असताना काटा नेहमीच छान दिसतो! चालू असताना तो झपकन खाली येत असेल, तर नळी बारीक आहे, फिल्टर तुंबलाय किंवा हवेची टाकी लहान पडतेय. दाब टिकतोय पण एकाच गनचे खिळे वर राहतात? मग त्या गनच्या ड्रायव्हर ब्लेडचं (खिळ्यावर आदळणाऱ्या पात्याचं) टोक झिजलेलं असणार. ब्लेड बदलण्यापूर्वी वीज आणि हवा दोन्ही बंद करा, नळीतली उरलेली हवाही सोडा.

फळ्यांची जाडीही कॅलिपरने मोजून घ्या. जाड-पातळ फळ्या एकाच पॅलेटमध्ये आल्या, तर एकीत डोकं वर राहतं आणि दुसरीत ते फळी फाडून आत घुसतं. तिथे कुठलंही सेटिंग उपयोगी पडत नाही.