झाडांवरील संशोधनाला आणि झाडावर चढणाऱ्यांना हातभार कसा लावावा

फांदी कापताना ती खोडाला अगदी चिकटून सपाट कापावी आणि जखमेवर डांबर किंवा रंग फासावा, ही पद्धत अनेक दशके जगभर योग्य मानली जात होती. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चेनसॉने उभी चिरून लाकडातील कुज नेमकी कशी पसरते याचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि ही समजूत चुकीची ठरवली. आपल्या कातडीप्रमाणे झाडाची जखम भरून येत नाही; जखमेच्या आत भिंती उभ्या करून झाड कुजीला कोंडून ठेवते, आणि फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगीर कडा हा या बचावाचा सर्वांत महत्त्वाचा भाग असतो. कूज कोंडून ठेवण्याच्या या क्रियेविषयीचे निष्कर्ष १९७७ साली अमेरिकेच्या कृषी विभागाने पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केले. तो फुगीर कडा तसाच ठेवून फांदी कापणे हा आज प्रशिक्षित आर्बोरिस्टचा, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाचा, पहिला धडा असतो, आणि रंग फासल्याने कूज थांबत नाही हेही त्यांना शिकवले जाते.

या संशोधनाचा फायदा झाडाला होतो, हे उघड आहे. झाडावर दोराने लटकून काम करणाऱ्या माणसालाही तो तितकाच होतो, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. आज चुकीच्या जागी घातलेल्या घावातून दहा-पंधरा वर्षांनी ढोली तयार होते, आणि त्या वेळी वर चढणारा माणूस ज्या फांदीला आपला दोर बांधतो ती आतून पोकळ असू शकते. म्हणून झाडांवरील संशोधनाला मदत करणे आणि झाडावर काम करणाऱ्यांना मदत करणे ही दोन वेगळी कामे आहेत असे मला वाटत नाही. पुढे दिलेल्या सूचना प्रामुख्याने महाराष्ट्रातील शहरांतल्या गृहनिर्माण संस्था, शाळा आणि मोठ्या आवाराची जबाबदारी असलेल्या मंडळींसाठी आहेत, कारण संशोधकांना हवी असलेली माहिती आणि कामगारांना हवे असलेले काम या दोन्ही गोष्टी त्यांच्याच हातात असतात.

आवारातील झाडांची नोंदवही

सुरुवात एका साध्या वहीने करावी. आवारातील प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा आणि त्याचे मराठी नाव व शास्त्रीय नाव अशी दोन्ही नावे लिहावीत, कारण सोनमोहराला कोणी पीतमोहर म्हणते, तर रेन ट्रीला कोणी शिरीष म्हणते, आणि नुसत्या स्थानिक नावाच्या नोंदी पुढे एकमेकींशी जुळत नाहीत. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर टेपने मोजावा. वनखाते आणि संशोधक हीच उंची प्रमाण मानतात, त्यामुळे आपल्या नोंदी इतरांच्या नोंदींशी ताडून पाहता येतात. खोडावर टेप लावण्यासाठी खिळा ठोकू नये.

लावणीचे वर्ष माहीत असेल तर ते आवर्जून लिहावे. संस्थेतील ज्येष्ठ सभासदांना हे बरेचदा आठवते, आणि त्यांच्यानंतर ते सांगणारे कोणी उरत नाही. त्याला कायद्याच्या दृष्टीनेही मोल आहे. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्षांचा दर्जा मिळतो, आणि झाडाचे वय सिद्ध करण्याचा प्रश्न येतो तेव्हा लावणीची विश्वसनीय नोंद उपयोगी पडते.

यानंतर झाडाच्या बाबतीत जे जे घडेल ते तारखेसह लिहीत जावे. कोणती फांदी कापली, कापताना तिचा व्यास किती होता, बुंध्याभोवती काँक्रीट केव्हा ओतले, पार केव्हा बांधला, ही माहिती त्यात यावी. सर्वांत महत्त्वाची नोंद चराची आहे. पाण्याची किंवा गटाराची वाहिनी, केबल किंवा कुंपणाचा पाया यासाठी खोडापासून किती अंतरावर, किती खोल खोदले आणि त्यात किती जाड मुळे तुटली, हे त्याच दिवशी फोटोसह लिहून ठेवावे. मूळ तुटल्याचा परिणाम अनेकदा काही वर्षांनी दिसतो. झाड वादळात उन्मळून पडते, तोवर चर बुजवून वर फरशी बसवलेली असते आणि सगळा दोष वाऱ्यावर जातो. बुंध्याशी उगवलेली लाकडासारखी कठीण भूछत्रे, सालीवरील भेगा, चिकट पाझर, पानांवरील पिठ्या ढेकूण यांचेही फोटो काढावेत. गेल्या दशकात मुंबईत रस्त्यांकडेची पुष्कळ रेन ट्री झाडे पिठ्या ढेकणांचा प्रादुर्भाव होऊन वाळली. एखाद्या झाडावर लागण प्रथम केव्हा दिसली आणि ते किती दिवसांत निष्पर्ण झाले, अशा नोंदी वस्तीवस्तीत कोणी ठेवलेल्या असतील, तर अशी कीड पुन्हा आल्यावर त्या अभ्यासकांच्या फार उपयोगी पडतात.

पडलेल्या झाडाची नोंद

पडलेले झाड हा संशोधनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आणि सर्वांत लवकर नष्ट होणारा पुरावा असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मुंबईत शेकडो झाडे पाडली, त्याआधी जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड आणि रत्नागिरीतील बागा झोपवल्या. अशा वेळी रस्ता मोकळा करण्याची घाई असते आणि ती रास्तच आहे, परंतु ओंडके उचलण्याआधीची दहा मिनिटे नोंदीसाठी मिळाली तरी पुष्कळ झाले. कॅलिफोर्नियात १९८७ पासून अशा नोंदी पद्धतशीरपणे गोळा केल्या जात आहेत. तिथे काम करणारे आर्बोरिस्ट स्वतःहून ठरावीक नमुन्यात माहिती भरून पाठवतात, आणि कोणती जात कोणत्या वयात, कोणत्या जागी मोडते याचा अंदाज त्यातून बांधता येतो. आपल्याकडे गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री, नारळ, वड आणि पिंपळ यांच्याबाबत अशी माहिती फार हवी आहे, कारण परदेशातील ओक आणि मेपल यांच्यावरील निष्कर्ष आपल्या मोसमी पावसाला आणि भिजून मऊ झालेल्या जमिनीला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

प्रथम हे पाहावे की झाड मुळांसकट उपटले, बुंध्यापाशी मोडले, खोड मधेच तुटले की केवळ फांदी निसटली. उपटले असेल तर मुळांचा गड्डा केवढा आहे, मुळे ताजी तुटलेली आहेत की जुन्या घावाची काळी, कुजलेली टोके दिसत आहेत, आणि कोणत्या बाजूला मुळेच नाहीत, हे पाहून फोटो काढावा. फोटोत प्रमाण कळण्यासाठी शेजारी टेप किंवा वीट ठेवावी. मोडले असेल तर तुटलेल्या पृष्ठभागावर निरोगी लाकूड किती आणि कूज किती हे पाहावे आणि कूज सुरू झाली तिथे जुना काप दिसतो का ते शोधावे. झाड कोणत्या दिशेला पडले, त्या दिवशी पाऊस किती झाला, शेजारचे झाड किंवा इमारत नुकतीच पाडली होती का, हेही लिहावे, कारण आडोसा गेल्यावर वाऱ्याचा भार एकाएकी वाढतो. वीजवाहिनी तुटून पडली असेल तर मात्र पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये.

अशी नोंद ठेवली तर अपघाताची जबाबदारी आपल्यावर येईल, ही भीती काही कार्यकारिणींना वाटते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. झाडाची नियमित तपासणी केली आणि परवानगी घेऊन योग्य छाटणी केली, असे दाखवणारी वही ही निष्काळजीपणाच्या आरोपावरचे सर्वांत चांगले उत्तर असते.

या नोंदींची एक प्रत महापालिकेच्या उद्यान विभागाला द्यावी. वर उल्लेखलेल्या १९७५ च्या अधिनियमानुसार ठरावीक काळाने वृक्षगणना करणे हे वृक्ष प्राधिकरणाचे काम आहे, आणि गणनेच्या वेळी तयार माहिती मिळाली तर चुका कमी होतात. दुसरी प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा कृषी विद्यापीठाला द्यावी. कोकणातील वाचकांना दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आणि रत्नागिरीजवळचे भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र जवळचे आहे. विद्यार्थ्यांना आवारात येऊन मोजमाप करू द्यावे, तोडाव्या लागलेल्या खोडाची चकती त्यांच्यासाठी राखून ठेवावी. ज्यांना एवढे करणे शक्य नाही त्यांनी निदान ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात एका झाडाची नोंदणी करून त्याची पालवी, फुले आणि फळे यांची दर आठवड्याला नोंद करावी.

पैसे कुठे द्यावेत

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा मार्ग सरळ आहे. तिथला ‘ट्री फंड’ हा न्यास २००२ साली दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभा राहिला आणि झाडांची निगा या एकाच विषयावरील संशोधनाला अनुदाने व विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो. ‘टूर दे ट्रीज’ ही त्याच्यासाठी निधी जमवणारी सायकलफेरी १९९२ पासून चालत आली आहे, आणि तिच्यात स्वतः आर्बोरिस्ट मोठ्या संख्येने सायकल चालवतात. या देणगीवर तिथल्या करात सवलत मिळते.

भारतात मुख्यतः या एकाच विषयाला वाहिलेला असा सर्वपरिचित निधी नाही, म्हणून देणगी देताना उद्देश लेखी ठरवून द्यावा. आपण ज्या कंपनीत काम करता तिला कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ लागू असेल, तर सामाजिक दायित्वाच्या रकमेतून सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधनाला मदत करता येते. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमासाठी कंपन्या सहज पैसे देतात. त्याऐवजी उभ्या झाडांच्या खोडातील कूज ध्वनिलहरींनी मोजणारे उपकरण विद्यापीठाला घेऊन द्यावे, किंवा एका विद्यार्थ्याची दोन वर्षांची शिष्यवृत्ती उचलावी, असा प्रस्ताव मांडून पाहावा. शंभर रोपे लावण्याइतकेच शंभर मोठी झाडे समजून घेणे महत्त्वाचे आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

काम देताना

संशोधन कितीही चांगले झाले तरी काम देणारा गिऱ्हाईक त्याप्रमाणे काम मागत नसेल, तर ते फांदीपर्यंत पोहोचत नाही. ठेकेदाराला कामाचे पैसे न देता ‘लाकूड तुमचे’ असे सांगण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि सगळे नुकसान तिथून सुरू होते. लाकूड हाच मोबदला असेल तर जाड फांद्या कापण्यातच त्याचा फायदा असतो. म्हणून मजुरी झाडागणिक किंवा दिवसागणिक रोख ठरवावी आणि लाकडाचा हिशेब वेगळा ठेवावा.

कामाच्या पत्रात पुढील गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. शेंडा मारू नये, कारण त्यानंतर फुटणारे धुमारे वरवरच्या थरालाच धरून असतात आणि मोठे झाले की वादळात निसटतात. जड फांदी तीन कापांत उतरवावी: आधी खोडापासून सुमारे फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून काप, आणि शेवटी उरलेला खुंट फुगीर कड्याच्या बाहेरून. एकच काप वरून घातला तर फांदी तुटताना खोडाची साल सोलून नेते आणि दोरावरील माणसालाही धडक देऊ शकते. जिवंत झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढू नये. ज्या झाडावर घरटी असतील तिथले काम पिल्ले उडेपर्यंत पुढे ढकलावे.

अधिनियमातील तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते, म्हणून छाटणीसाठीही परवानगी घ्यावी. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच द्यावा. मे महिन्याच्या अखेरीस सगळ्या शहराला एकदमच छाटणी हवी असते, तेव्हा थकलेल्या टोळ्या घाईत काम उरकतात आणि अपघातही त्याच दिवसांत होतात.

वर चढणाऱ्याच्या अंगावर हार्नेस आणि डोक्यावर हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट असल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नये. आरी किंवा चेनसॉ चालवताना त्याचा आधार दोन ठिकाणी बांधलेला असावा, कारण एक दोर चुकून कापला गेला तर दुसरा त्याला धरून ठेवतो. खाली फक्त दोर सांभाळणारा एक माणूस असावा आणि येण्याजाण्याची वाट अडवलेली असावी. साधने नसतील तर संस्थेने ती विकत घेऊन ठेवावीत, असे मी सुचवेन. एवढा खर्च बहुतेक संस्थांना एका वर्षाच्या देखभाल निधीतून पेलतो आणि ती साधने दरवर्षी कामी येतात.

विम्याची कागदपत्रे काम सुरू होण्यापूर्वी पाहावीत. ठेकेदाराकडे कामगारांचा गट अपघात विमा नसेल, तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत प्रत्येकाचे नाव आहे का ते विचारावे. १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे संरक्षण त्यात मिळते. ही रक्कम पुरेशी मुळीच नाही, पण काहीच नसण्यापेक्षा ती बरी, आणि नाव नसलेल्यांचा अर्ज भरून घ्यायला बँकेत एक फेरी पुरते. ई-श्रम नोंदणीही त्याच वेळी करून द्यावी. कोकण आणि गोव्यातील नारळावर चढणाऱ्या पाडेलींसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा ही वेगळी विमा योजना आहे. बागायतदारांनी आपल्या पाडेलीला तिची माहिती द्यावी.

शेवटची सूचना प्रशिक्षणाची आहे. दोरावर काम करण्याचे आणि झाडातील धोका ओळखण्याचे प्रशिक्षण भारतात आता मिळू लागले आहे, परंतु रोजंदारीवर जगणारा माणूस त्या दिवसांची मजुरी बुडवून तिथे जाऊ शकत नाही. परिसरातील चार-पाच संस्थांनी मिळून, पावसाळ्यानंतर काम कमी असते तेव्हा, आपल्या नेहमीच्या टोळीतील दोघांचे शुल्क भरावे आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची पूर्ण मजुरीही द्यावी. परत आल्यावर पुढील छाटणीच्या आधी त्यांच्यासोबत आवारात फिरावे, प्रत्येक झाडाबद्दल त्यांचे मत विचारावे आणि ते नोंदवहीत त्यांच्या नावाने लिहावे.