ट्रॅकसाठी ब्रेक सुधारताना आधी ब्रेक ऑइल बदला
गोव्याहून कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर छोटी स्पोर्ट्‌स कार नेणाऱ्यांनी मोठ्या डिस्क आणि महागडे कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) यांवर खर्च करण्यापूर्वी ब्रेक ऑइलकडे लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यानंतर, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. मात्र त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो आणि सलग जोरदार ब्रेक लावल्यावर ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल थेट तळाला जाते. म्हणून ट्रॅकवर जाण्यापूर्वी सीलबंद डब्यातील नवे ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून घ्यावी. सिलिकॉनचे डॉट ५ प्रतीचे ऑइल त्यात कधीही मिसळू नये. त्यानंतर उच्च तापमान सोसणारे पॅड बसवावेत; परंतु शुद्ध रेसिंगचे पॅड थंड असताना नीट पकड घेत नाहीत, त्यामुळे चोर्ला घाटातून रोज ये-जा करणाऱ्या गाडीत ते ठेवू नयेत.