घाटात वळण घेताना: कॉन्फिडन्स वेगळा, स्किल वेगळं

ताम्हिणीत चारपाच वेळा बाईक नेली की वाटायला लागतं आपल्याला वळणं जमतात, पण खरं म्हणजे आपल्याला तो रस्ता पाठ झालेला असतो, बाकी काही नाही. अनोळखी घाटात गेलात की कळतं. म्हणून ब्रेक आणि गिअरचं काम वळणाच्या आधीच, बाईक सरळ असतानाच उरकायचं, आणि आत शिरल्यावर थ्रॉटल हलका पण स्थिर. ४० चा स्पीड ६० केला तर त्याच वळणाला बाहेर फेकणारा जोर दीडपट नाही, सव्वादोन पट होतो, हे डोक्यात ठेवा. नजर वळण जिथे सुटतंय तिकडे, दरीकडे किंवा खड्ड्याकडे बघितलं की बाईक तिकडेच जाते राव! डावीकडे वळायचंय तर डावा हँडल हलकेच पुढे ढकला, उलटं वाटतं पण बाईक तशीच झुकते. हे आधी मोकळ्या मैदानात ३० च्या आसपास करून बघा. उजव्या वळणाला आपल्या लेनच्या डाव्या बाजूनं शिरा, पुढचं जास्त दिसतं, आणि डोकं मधल्या पट्टीपलीकडे जाऊ देऊ नका, समोरून एसटी येत असते. पावसाळ्यात शेवाळ असतं, तेव्हा जास्त झुकणं विसराच.